रात्रभर रडणारं पिल्लू: साखळी सोडा, खाट जवळ घ्या

अमळनेरजवळच्या एका गावातून एका भाऊंनी विचारलंय. बहिणीच्या शेतातल्या गावठी कुत्रीचं दीड महिन्याचं पिल्लू त्यांनी आणलं, त्याला आज चार रात्री झाल्या. घरात देवघर आहे म्हणून आजी आत येऊ देत नाहीत, त्यामुळे ते ओट्यावर साखळीने बांधलेलं असतं आणि रात्रभर रडतं. हे आधी दुर्लक्ष करतात, मग शेजारी उठतील या धाकाने जाऊन थोपटतात आणि बिस्किट देतात. आजी म्हणतात, ‘रातले कुत्रं रडनं चांगलं नई ऱ्हास.’ वडील म्हणतात, ‘रडू द्या, दोन दिनमा गप व्हई जाई.’ काही दिवस त्याला शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवू का, असा त्यांचा शेवटचा प्रश्न आहे.

भाऊ, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते आजच्या आज कळायला हवं. नका नेऊ. एप्रिल लागला आहे. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, तो पत्र्याबाहेरच्या सावलीतला. पत्र्याखाली काय होतं ते तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला सांगायला नको.

मी जनावरांचा डॉक्टर म्हणून या भागात २२ वर्षं काम करतोय. सुरुवातीच्या वर्षांत एकदा दुपारी बाराच्या सुमारास एका ओळखीच्या शेतकऱ्याचा फोन आला. नवीन पिल्लू सकाळपासून ओरडतंय, काय करू? मी एका गाईच्या अवघड बाळंतपणात गुंतलो होतो. ‘नवीन जागा आहे, लक्ष देऊ नका, सवय होईल,’ एवढं बोलून मी फोन ठेवला. पिल्लू कुठे आहे हे विचारलं नाही. ते शेडच्या खांबाला बांधलेलं होतं. सकाळी तिथे सावली होती. ऊन चढलं तशी सावली सरकली आणि साखळी तिथपर्यंत पोहोचेना. त्या माणसाने माझं ऐकलं, लक्ष दिलं नाही. दुपारी पिल्लू गप्प झालं म्हणून त्याला बरंही वाटलं. संध्याकाळी माझ्याकडे आणलं तेव्हा काही करण्यासारखं राहिलं नव्हतं. दोष त्याचा नव्हता, माझा होता. तेव्हापासून ‘पिल्लू रडतंय’ असं कोणी म्हटलं की मी आधी चार प्रश्न विचारतो: कुठे आहे, अंगाखाली काय आहे, शेवटचं कधी खाल्लं, शेवटची शी-शू कधी झाली. हे चार कळल्याशिवाय सल्ला देत नाही.

तुमच्या पिल्लाचं यातलं बरंचसं तुम्ही लिहिलंय म्हणून पुढे जातो.

रडण्याचे आवाज वेगळे असतात. आठवडाभर कान दिला तर तुम्हालाही ओळखू येतील. ‘कुई-कुई-कुई’ असं तीन-चारदा करून मध्येच थांबतं, कान टवकारतं, पुन्हा सुरू करतं, ते साद घालणं आहे. थांबतं ते उत्तर येतंय का हे ऐकायला. झोपलेलं पिल्लू उठून बारीक एकसुरी आवाज काढत जमीन हुंगत गोल फिरायला लागलं, तर त्याला शू लागली आहे आणि तुमच्या हातात फार तर अर्धं मिनिट आहे. एकदम ‘क्यांव’ झालं तर दुखलं: पाय अडकला, मुंगी चावली, कानात गोचीड शिरली. पाठ वर काढून, पोट आखडून हळू कण्हणं सुरू असेल तर पोटात कळ आहे. आणि तुमच्या हाताकडे, ताटाकडे बघत काढलेला लाडिक सूर असतो तो मागण्याचा. शिकवणीने बंद करायचा आवाज एवढा शेवटचाच. बाकीच्यांचं कारण दूर करायचं, आवाज आपोआप थांबतो.

तुमच्याकडचा आवाज मुख्यतः पहिला आहे, साद घालण्याचा. त्यावर थोडं सविस्तर बोलू, कारण आजी आणि वडील दोघांच्याही म्हणण्याचं उत्तर त्यात आहे.

दीड महिन्याचं हे पिल्लू जन्मल्यापासून एकही रात्र एकटं झोपलेलं नव्हतं. डोळे उघडायच्या आधीपासून, म्हणजे पहिले दहा-चौदा दिवससुद्धा, त्याच्या अंगाला कोणाचं तरी अंग लागलेलं होतं. कुत्रीच्या पिल्लाने एकटं पडल्यावर आवाज दिला तरच आई येऊन त्याला उचलून नेते. गप्प बसणारं पिल्लू हरवतं. म्हणजे ते अपशकुनासाठी रडत नाही आणि हट्टानेही रडत नाही. जगण्यासाठी जे करायला हवं तेच करतंय. आजींना असंच सांगा, की ते आईला हाक मारतंय. ज्या बाईने घरातली लेकरं वाढवली, तिला हे समजावायला माझ्यासारखा डॉक्टर लागत नाही.

हे रडणं म्हणजे खरोखरचं दुखणं आहे, यावर संशोधनही झालंय. अमेरिकेत याक पांक्सेप या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एकट्या ठेवलेल्या पिल्लांना अफूवर्गातल्या वेदनाशामक औषधाची अगदी थोडी मात्रा दिली, तर त्यांचं रडणं झपाट्याने कमी झालं. शरीराची वेदना आणि एकटेपणाची वेदना मेंदूत जवळजवळच्या वाटांनी जातात, असा त्याचा अर्थ. हे वाचून कोणी पिल्लाला गुंगीचं काही देऊ नका. घरातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकची गोळी तर अजिबात नको. या गोळ्यांनी पिल्लाचं पोट, मूत्रपिंड, यकृत बिघडलेलं मी पाहिलंय. त्या वेदनेवर खरं औषध म्हणजे जवळ असलेलं ऊबदार अंग.

आता वडिलांच्या म्हणण्याबद्दल. ‘रडू द्या’ म्हणणाऱ्यांचा अनुभव खोटा नसतो. बरीच पिल्लं तीन-चार रात्रींनी खरंच गप्प होतात. पण त्यातलं प्रत्येक पिल्लू शांत झालेलं नसतं. काही नुसती थकतात, आणि हाक मारून कोणी येत नाही एवढंच शिकतात. अशी काही कुत्री पुढे वर्षाची झाली तरी घराला कुलूप लागलं की दार ओरबाडतात, लाळ गाळतात, साखळी चावून दात मोडतात. त्यांना ताळ्यावर आणायला महिने जातात. सुरुवातीच्या आठ रात्री जवळ झोपणं त्याहून कितीतरी स्वस्त पडतं.

आणि तुमचं थोपटणं? तेही मनापासून आहे, पण चुकीच्या वेळी होतंय. वीस मिनिटं रडल्यावर तुम्ही जाता, बिस्किट देता. पिल्लाला काय कळतं? की पाच मिनिटं रडून भागत नाही, वीस मिनिटं रडावं लागतं. कधी दहा मिनिटांनी जाता, कधी पाऊण तासाने, कधी जातच नाही. ही अनिश्चितता सवय तोडत नाही, उलट घट्ट करते. कधीतरी लागणाऱ्या लॉटरीसाठी माणूस रोज तिकीट घेतो, तसंच. म्हणून एकच गोष्ट नीट धरा: जायचं आहेच, पण रडण्याच्या आधी जायचं.

आज रात्रीपासून असं करा. साखळी काढा. एवढ्या लहान पिल्लाच्या गळ्यात साखळी नकोच. ते ओढून ओढून घाबरतं आणि रात्री ओट्यावरून उडी मारली तर फास बसतो. आजींचा देवघराचा नियम मोडायची गरज नाही. पिल्लाची जागा वसरीत, म्हणजे ओसरीत करा, जिथून आतल्या खोलीचं दार बंद करता येतं. रावेर-सावद्याकडची केळी ज्या जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात भरतात, तसं एक खोकं आणा आणि एक बाजू कापून दार करा. खाली गोणपाट, वर जुनी गोधडी. गोधडी फाटलेली नको, आतला कापूस उपसून पिल्लं गिळतात. बहिणीच्या शेतात जाऊन एक जुना कपडा पिल्लाच्या आईच्या आणि भावंडांच्या अंगावर चोळून आणा, न धुता खोक्यात ठेवा. पिल्लाचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असतं. त्या वासाने फार मोठा फरक पडतो. घड्याळ गुंडाळून ठेवा, टिकटिक आईच्या काळजासारखी वाटते, असंही लोक सांगतात. मला त्याचा विशेष उपयोग दिसलेला नाही. ठेवलंत तरी बिघडत नाही.

मग त्या खोक्याशेजारी तुमची खाट टाका. हात खाली सोडला की पिल्लाच्या पाठीला लागेल इतकी जवळ. पहिल्या चार-पाच रात्री तिथेच झोपायचं. उन्हाळ्यात तुम्ही मंडळी धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर झोपत असाल तर पिल्लाला वर नेऊ नका. कठड्याशिवायच्या धाब्यावरून अंधारात पिल्लू खाली पडलेलं मी दोनदा पाहिलंय.

रात्रीचं शेवटचं खाणं आठला. पाणी तोडू नका, या दिवसांत तर नाहीच. मातीच्या परळात रात्रभर असू द्या. अकराला मागच्या दारी ठरलेल्या एकाच कोपऱ्यात नेऊन शू करवा. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, साधारण तितके तास ते शू धरू शकतं. तुमचं दीड महिन्याचं, म्हणजे अडीच तास. अकराला झोपलं तर दीडला आणि चारला मोबाईलचा गजर लावा. गजर झाला की ते झोपेत असलं तरी उचला, त्याच कोपऱ्यात उभं करा. दिवा मोठा लावू नका, खेळू नका, बोलू नका. शू झाली की हळू आवाजात एकदा ‘शाब्बास’, आणि परत खोक्यात. तुम्ही त्याच्या रडण्याने उठला नाहीत, गजराने उठलात, म्हणून रडून बोलावण्याचा धडा त्याला मिळतच नाही. तीन-चार रात्री कोरड्या गेल्या की गजर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे ढकला. साधारण चार महिन्यांचं होईतो बहुतेक पिल्लं रात्रभर काढतात.

मध्येच कुईकुई झाली तर? आधी ऐका. साद असेल तर हात खाली सोडा, पाठीवर ठेवा, बोलू नका. हुंगत फिरत असेल तर उचला आणि बाहेर न्या, वाट बघू नका. शू आलेल्या पिल्लाला रडू देणं म्हणजे त्याला स्वतःच्या अंथरुणात घाण करायला शिकवणं.

पाचव्या-सहाव्या रात्रीपासून खाट हातभर सरकवा. दोन रात्री तिथे, मग आणखी हातभर. मग उंबऱ्याशी. मग आत, दार उघडं ठेवून. एखाद्या रात्री जास्त रडलं तर एक पाऊल मागे या, त्यात हार नाही. दोन ते तीन आठवडे धरून चाला. मधे लाईट जाईल, ते तर आपल्याकडे ठरलेलंच. कुलरच्या घरघरीत पिल्लं छान झोपतात आणि तो बंद पडला की त्या शांततेने दचकून उठतात. पिल्लू बिघडलं असं समजू नका, हात खाली सोडा. आणि हा सल्ला थंडीत वाचणाऱ्यांसाठी: डिसेंबर-जानेवारीत खानदेशातल्या रात्री १० अंशांच्या खाली उतरतात. तेव्हा अर्धं रडणं गारठ्याचं असतं. बाटलीत कोमट पाणी भरून, कापडात गुंडाळून खोक्याच्या एका कडेला ठेवा, म्हणजे गरम वाटलं तर त्याला दूर सरकता येईल.

शेजाऱ्यांकडे आजच जा. ‘आठ दिवस थोडा आवाज होईल, सवय लावतोय’ एवढं आधी सांगितलं की लोक सांभाळून घेतात. न सांगता आवाज झाला की भांडण होतं.

दिवसाचं काम वेगळं आहे. रात्री सोबत द्यायची, दिवसा थोडं थोडं एकटं राहायला शिकवायचं. पिल्लू खाऊन, शू करून, खेळून दमलेलं असताना हे करा. ताज्या दमाच्या पिल्लावर जमणार नाही. वसरीच्या जाळीच्या दाराआड त्याला ठेवा, तुम्ही दोन पावलं मागे जा आणि लगेच परत या. दोन सेकंद. ते कुईकुई करायच्या आत परत आलात, हेच सगळ्यात महत्त्वाचं. मग पाच सेकंद, मग तीन, मग दहा, मग चार, मग वीस. दर वेळी वाढवतच नेलं तर पिल्लू ते ओळखतं आणि आधीच धास्तावतं. म्हणून लांब-आखूड मिसळा. दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी पाच मिनिटं. दहा-बारा दिवसांत अर्धा तास निवांत बसणारी पिल्लं मी पुष्कळ पाहिली आहेत. गाडीची किल्ली वाजवा आणि जाऊ नका. चप्पल घाला आणि पुन्हा बसा. नाहीतर किल्लीचा आवाज झाला की रडं, अशी जोडी त्याच्या डोक्यात बसते. परत आल्यावर मोठा सोहळा करू नका. शांत झालं की मग जवळ घ्या.

एकटं ठेवताना काहीतरी चाटायला द्या. स्टीलच्या वाटीत बिनमिठाचं दही पातळ लावून फ्रीजरमध्ये गोठवा. चाटणं पिल्लाला शांत करतं आणि या उकाड्यात गारवाही मिळतो. नारळाची करवंटी किंवा कोंबडीचं शिजवलेलं हाड देऊ नका, तुकडे घशात अडकतात.

आता ताटाकडे बघून मागण्याचं रडणं. इथे मात्र पूर्ण दुर्लक्षच. मान वळवा, हात बांधा, ‘गप्प’ असंही म्हणू नका. तुम्ही ओरडलात की पिल्लाला वाटतं तुम्हीही त्याच्यासोबत भुंकताय. ते थांबून दोन-तीन सेकंद शांत बसलं की त्याच क्षणी ‘शाब्बास’ आणि त्याच्या स्वतःच्या खाण्यातला एक घास. हळूहळू दोनाचे पाच, पाचाचे दहा सेकंद करा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते आधीपेक्षा जास्त ओरडेल. आजवर जे चालत होतं ते चालेनासं झालं म्हणून शेवटचा जोर लावतं. बहुतेक घरं इथेच हरतात. कोणाचा तरी जीव कळवळतो, भाकरीचा तुकडा खाली जातो, आणि मग ते वाढलेलं ओरडणंच त्याचा नवा भाव ठरतं. घरात पाच माणसं असतील तर पाचांचा नियम एकच हवा. तुमच्या घरी दिवसभर आजी असतात. हे काम त्यांनाच द्या. गप्प बसलं की खाऊ आजींच्या हातून. ज्या घरात म्हाताऱ्या माणसाचा विरोध होता, तिथे हे केल्यावर पंधरवड्यात पिल्लू त्यांच्याच पायाशी बसलेलं मी कितीदा पाहिलंय.

मारू नका. चप्पल नको, वर्तमानपत्राची गुंडाळी नको, तोंडावर पाणीही नको. माराने आवाज दबतो, गरज दबत नाही. आणि आवाज काढल्यावर मार बसतो हे शिकलेलं कुत्रं पुढे गुरगुरण्याचीही सूचना न देता चावतं. राखणीला ठेवायच्या कुत्र्याचा तर आवाजच मारून टाकू नका. सातपुड्याच्या पायथ्याच्या शेतात बिबट्याची चाहूल तोच देतो.

खाण्याचं थोडक्यात. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा थोडं थोडं. बिस्किटं बंद. निव्वळ गाईचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात, पोट दुखतं, आणि ते रात्री रडतं. दह्यात भिजवलेली मऊ भाकरी, उकडलेलं अंडं, किंवा पिल्लांसाठीचं तयार खाणं भिजवून. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी चालेल, पण मीठ-तिखट नको. शेवभाजीचा रस्सा, भरीत, कांदा-लसूण घातलेलं काहीही देऊ नका. कांद्याने कुत्र्याचं रक्त कमी होतं. आणि पोट फुगलेलं, बरगड्या दिसतायत, अंगावर चमक नाही, असं असेल तर जंत आहेत. शेतातल्या पिल्लांना ते असतातच. जंताचं औषध वजनावर ठरतं, म्हणून घेऊन या.

त्याच भेटीत लसही होईल. सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चार महिन्यांपर्यंत, आणि तीन महिन्यांना रेबीजची. तोवर गल्लीतल्या कुत्र्यांच्या शी-शूच्या जागी त्याला सोडू नका. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. उलटी, रक्ताचे जुलाब, खाणं सोडून मलूल पडणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. कपाशीवर फवारणी चालू असताना किंवा उंदराचं औषध टाकलेलं असताना पिल्लू एकाएकी लाळ गाळायला, थरथरायला लागलं तर त्या औषधाचा डबा सोबत घेऊन धावा. आणि आवाज घोगरा होऊन बदलला, गिळता येईना, उगाच चावत सुटलं, तर रेबीजचा संशय धरा: तोंडात हात घालू नका, मुलांना लांब करा. चावलं असेल तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. गावठी पिल्लांबाबत हे कधीही विसरू नका.

एक गोष्ट पुढच्या वेळेसाठी. पिल्लू आईपासून आठ आठवड्यांच्या आधी काढू नये. विक्रेत्यांना तर २०१७ च्या केंद्राच्या नियमांनी त्याआधी पिल्लू विकायला मनाई आहे. त्या शेवटच्या दोन आठवड्यांत ते भावंडांकडून किती जोरात चावायचं आणि आईपासून थोडं लांब कसं राहायचं हे शिकतं. तुम्ही आणलं ते प्रेमाने आणलंत, आता परत न्यायची गरज नाही. फक्त ते राहिलेलं शिकवणं तुमच्या खाटेपाशी होणार, एवढं लक्षात घ्या. बहिणीकडे अजून भावंडं असतील तर त्यांना मात्र राहू द्या.

एक वही घ्या. रोज रात्री किती वाजता उठलं, आवाज कुठला होता, शू झाली का, किती वेळाने झोपलं, एवढं लिहा. दहा दिवसांनी लसीला याल तेव्हा ती वही आणा. पिल्लाला आणताना सकाळी आठच्या आत या, दुपारच्या एसटीने नको. गाडीवर आणत असाल तर त्याला पोटाशी ओल्या कापडात धरायला मागे कोणीतरी बसवा.